रिजायनाहून खुशाली, ३ जुलै १९१२

जपून चाला, पायाखाली काचा आहेत. लॉर्न स्ट्रीटवर आज सरळ चालायला जागा नाही. तो विटांचा ढीग म्हणजे मेथडिस्टांचं मेट्रोपॉलिटन चर्च. त्याच्या शेजारचं कार्नेगी ग्रंथालय मे महिन्यात उघडलं, आणि आजच त्याच्या डागडुजीची वेळ आली आहे. गेल्या रविवारी, ३० जूनला, दिवसभर जीव नकोसा करणारा उकाडा होता. पाचच्या सुमारास दक्षिणेकडून चक्रीवादळ आलं, काही मिनिटांत शहराच्या मधोमध घुसून उत्तरेला निघून गेलं. २८ माणसं दगावली, अडीच हजार बेघर झाली. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या या राजधानीची सगळी वस्ती जेमतेम तीस हजार!

तुम्ही आणि तुमची माणसं वाचलात. आता दूर ओंटारियोत, ब्रँटफर्डला असलेल्या बहिणीला हे कळायला हवं. वर्तमानपत्रातली बातमी वाचून तिच्या तोंडचं पाणी पळालं असेल. टेलिफोन एक्स्चेंजची इमारतच कोसळली आहे. म्हणून तुम्ही फोटोवाल्याच्या दुकानाकडे वळता.

तिथे ढिगाऱ्यांचे फोटो पोस्टकार्डं होऊन वाळताहेत. ही छापखान्यातली रंगीत कार्डं नव्हेत. तशी सुबक कार्डं जर्मनीत छापून इकडे येतात, त्याला महिने लागतात. इथे मागच्या बाजूला पोस्टकार्डाचा मजकूर छापलेला फोटोचा कागद मिळतो, त्याच्यावर निगेटिव्ह ठेवायची, उजेड द्यायचा, धुवायचं, विकायचं. फोटोतली ती पांढरी अक्षरं बघा, ‘रिजायना सायक्लोन’. ती निगेटिव्हवर काळ्या शाईनं उलटी लिहिली, तेव्हा इथे सुलटी उमटली. कार्ड पालथं करा. तिकिटाच्या चौकोनात ‘ॲझो’ हे कागदाचं नाव आणि कोपऱ्यांत चार त्रिकोण, चारही वर टोक केलेले. अशाच खुणांवरून पुढचे संग्राहक कागदाचा काळ ठरवणार आहेत.

लॉर्न स्ट्रीटचं एक कार्ड घ्या. फोटोतल्या तुमच्या घरावर शाईनं फुली मारा, सगळेच मारताहेत. मग मागे डाव्या अर्ध्या भागात खुशाली लिहा, उजवीकडे पत्ता. ही सोय कॅनडात डिसेंबर १९०३ पासूनची. त्याआधी मागची अख्खी बाजू पत्त्याची असे, आणि माणसं चित्राच्या कडेनं, आभाळात, कुठे पांढरं सापडेल तिथे मजकूर कोंबत. तिकीट एक सेंटाचं, हिरवं, पाचव्या जॉर्जचं. गेल्या डिसेंबरातच निघालंय, अजून नवं वाटतं.

कार्ड हातात आहे तोवर एक सांगतो. या निगेटिव्हवरून कितीतरी कार्डं निघतील आणि पुढे कित्येक महिने विकली जातील. चित्र सगळ्यांवर एकच. कौलं रस्त्यात पडलेली असतानाच कुठलं कार्ड गावाबाहेर पडलं, ते फक्त मागचा शिक्का सांगणार. १५ एप्रिल १९१५ पासून युद्धकर लागेल आणि पोस्टकार्डाला दोन सेंट पडतील. मग याच फोटोच्या मागे दोन सेंटांची तिकिटं दिसली, तर ते कार्ड बहुधा मागाहून टाकलेलं. म्हणून अल्बमात लावायला तिकीट भिजवून काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एका सेंटाच्या हिरव्या तिकिटासाठी ते कार्डाची तारीख पुसून टाकतात. ती हिरवी तिकिटं लाखोंनी उरली आहेत. बुधवारी लिहिलेली खुशाली एकच असते.

आता टाकायचं कुठे? स्कार्थ स्ट्रीटवरच्या डाकघरात टाकलंत, तर शिक्क्यात गावाचं नाव येईल. हे गाव ॲसिनिबोया जिल्ह्यात होतं. १ सप्टेंबर १९०५ ला सस्कॅचेवान प्रांत झाला, तरी ‘ॲसा’ अशी जुनी अक्षरं असलेले ठसे आसपासच्या काही गावांत पुढेही वापरात राहिले. संग्राहक अशा शिक्क्यांवर जीव टाकतात.

पण पूर्वेकडची गाडी स्टेशनात उभी असेल, तर तिकडेच चला. कॅनेडियन पॅसिफिकच्या गाडीला टपालाचा डबा असतो. आत कारकून धावत्या गाडीत टपाल वाटून लावतात. डब्याच्या फटीतून टाकलेल्या कार्डावर तिथेच शिक्का बसतो, आर.पी.ओ., म्हणजे रेल्वे पोस्ट ऑफिस, अशा अक्षरांचा. त्यात मार्गाच्या दोन टोकांची नावं असतात आणि तारीख. वेळेच्या जागी गाडीचा नंबर किंवा दिशा. रिजायनाचं नाव त्यात असेलच असं नाही. तेव्हा कार्ड आत सोडण्याआधी वरच्या कोपऱ्यात स्वतःच्या हातानं लिहा: रिजायना, बुधवार.