युरोपाची विवरे: अस्सल किती, नकला किती?

गुरूच्या युरोपा या चंद्राचा बर्फाळ पृष्ठभाग किती जुना? १९९८च्या सुमारास या प्रश्नाची दोन उत्तरे दिली जात होती. ग्रहशास्त्रज्ञ गेरहार्ड नॉयकुम यांच्या हिशेबाने ते वय अब्जावधी वर्षांवर जाई. केव्हिन झानली आणि त्यांचे सहकारी ते एक कोटी वर्षांच्या आसपास धरत. पुरावा दोघांपुढे एकच होता: यानांनी पाठवलेल्या छायाचित्रांतली आघात-विवरे. मतभेद होता तो ही विवरे कोणी आणि किती वेगाने पाडली, याबद्दल. नॉयकुम यांनी आपल्या चंद्रावरच्या माऱ्याचा कित्ता गिरवला होता, तर झानलींच्या मते मारा मुख्यतः धूमकेतूंचा होता.

छायाचित्रांची पहिली मोठी खेप ९ जुलै १९७९ची. व्हॉयेजर-२ युरोपापासून सुमारे दोन लाख किलोमीटरांवरून गेले. चित्राच्या एका ठिपक्यात जवळपास दोन किलोमीटरांचा प्रदेश मावत होता. तरीही एक गोष्ट लपली नाही. गुरूचाच दुसरा चंद्र कॅलिस्टो विवरांनी खच्चून भरलेला, तर युरोपावरची मोठी विवरे बोटांवर मोजण्याइतकी. युरोपा गुरूच्या अधिक जवळ असल्याने त्याच्यावरचा मारा कमी असण्याचे कारण नव्हते. म्हणजे तिथली जुनी विवरे पुसली गेली होती.

दुसरी खेप गॅलिलिओ यानाची, आणि ती अपुरी. एप्रिल १९९१मध्ये यानाचा मुख्य अँटेना उघडलाच नाही. छोट्या अँटेनावरून माहिती अगदी संथपणे येई, त्यामुळे बरीच चित्रे कॉम्प्रेस करून पाठवावी लागली. बारकावे दाखवणारी चित्रे थोड्याच भागाची मिळाली. त्यांतही कित्येकदा लहान विवर कोणते आणि कॉम्प्रेशनचा डाग कोणता, हे ओळखणे अवघड होते.

तरी पुइल नावाचे विवर नीट वाचता येते. ते सुमारे २६ किलोमीटर रुंद आहे. त्यातून उडालेल्या बर्फाचे पांढरे पट्टे हजार किलोमीटरांपलीकडे गेले आहेत आणि वाटेतल्या भेगा-कड्यांच्या वर पडले आहेत. विवराचा तळ भोवतालच्या पातळीलाच आहे. खालचे बर्फ ऊबदार आणि मऊ असल्याने खड्डा भरून आला असावा. उत्तरेला सुमारे हजार किलोमीटरांवर कोनामारा हा प्रदेश आहे. तिथे कवच फुटून त्याचे तुकडे सरकले आणि पुन्हा गोठले. त्या तुकड्यांवर पुइलहून आलेल्या ढेकळांचे खळगे दिसतात. म्हणजे आधी कोनामारा फुटले, मग पुइल पडले. क्रम लागला, वर्षे मात्र कळली नाहीत.

वर्षांसाठी विवरे मोजावी लागतात. लहान विवरे विपुल, म्हणून मोजायला सोयीची. पण पुइलचे खळगे दाखवतात की एकाच आघातातून अशी असंख्य विवरे होतात. एका पत्राच्या शंभर नकला सापडल्या म्हणून इतिहासकार त्यांना शंभर साक्षी मानत नाही. २००५मध्ये ब्यू बीअरहाऊस, क्लार्क चॅपमन आणि विल्यम मर्लाइन यांनी हीच चाळणी लावली. कमी कॉम्प्रेस केलेली ८७ चित्रे त्यांनी निवडली. त्यांत युरोपाचा जेमतेम ०.२ टक्के पृष्ठभाग होता, पण विवरे १७,०००हून अधिक. आकाशातून थेट झालेले आघात कसेही विखुरलेले असतात, उडालेली ढेकळे मात्र पुंजक्यांनी पडतात. या कसोटीवर एक किलोमीटरहून लहान विवरांपैकी सुमारे ९५ टक्के दुय्यम, म्हणजे उडालेल्या ढेकळांनी पाडलेली, ठरली.

वय काढायला मग मोठी, थेट आघातांची विवरेच भरवशाची उरतात. गुरूजवळ येणाऱ्या धूमकेतूंच्या संख्येवरून माऱ्याचा वेग धरून झानली आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये पृष्ठभागाचे वय ३ ते ७ कोटी वर्षे काढले. युरोपा स्वतः सुमारे साडेचार अब्ज वर्षांचा आहे. पण पृष्ठभागाचे हे वय सरासरीचे आहे. कवच थोडे थोडे बदलत आले की एकाच काळात झपाट्याने, याचा निवाडा मूठभर विवरांवरून होत नाही. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेले युरोपा क्लिपर यान २०३०मध्ये गुरूपाशी पोहोचेल. त्याने जवळजवळ सगळा पृष्ठभाग टिपला, तर प्रदेशाप्रदेशातली विवरे ताडून पाहता येतील आणि सरासरीआड दडलेले फरक उघड होतील.