प्रायॉन रोग

प्रायॉन रोग हा मनुष्य व इतर सस्तन प्राण्यांच्या मेंदूचा ऱ्हास घडवून आणणाऱ्या दुर्मीळ रोगांचा समूह आहे. शरीरातील एका प्रथिनाची घडी विकृत झाल्यामुळे हे रोग उद्भवतात. रोगग्रस्त मेंदूच्या ऊतींमध्ये सूक्ष्म पोकळ्या निर्माण होऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली स्पंजासारख्या दिसतात. त्यामुळे या रोगांना 'संक्रमणशील स्पंजाकार मेंदुविकार' असेही म्हटले जाते. माणसांमधील क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग (संक्षेपाने सीजेडी), कुरू, घातक आनुवंशिक निद्रानाश व गेर्स्टमान-श्ट्रॉयस्लर-शाइंकर रोग, मेंढ्या-शेळ्यांमधील स्क्रेपी, गुरांमधील 'मॅड काऊ' रोग आणि हरणांमधील दीर्घकालीन क्षीणता रोग हे या समूहातील प्रमुख रोग आहेत. हे सर्व रोग प्राणघातक असून त्यांवर अद्याप उपचार उपलब्ध नाही. रुग्णसंख्या अत्यल्प असूनही जनमानसात त्यांच्याविषयी असलेली भीती मोठी आहे.

कारण आणि स्वरूप

'प्रायॉन' ही संज्ञा अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये रूढ केली. जीवाणू, विषाणू, कवक वा परजीवी यांपैकी कोणत्याही गटात प्रायॉन बसत नाही, कारण त्यात डीएनए किंवा आरएनए नसते. ते केवळ प्रथिन असते. या प्रथिनाचे निरोगी रूप प्रत्येक माणसाच्या शरीरात, विशेषतः चेतापेशींच्या पृष्ठभागावर आढळते. ते तयार करण्याची माहिती २० व्या गुणसूत्रावरील पीआरएनपी या जनुकात असते.

या प्रथिनाची घडी बदलली की ते सहजासहजी विघटित होत नाही. शिवाय त्याच्या संपर्कात येणारी निरोगी प्रथिनेही तीच विकृत घडी धारण करतात. अशा रीतीने एकापासून दुसरे, दुसऱ्यापासून तिसरे अशी साखळी सुरू होते. विकृत प्रथिनांचे पुंजके साठत जातात आणि चेतापेशी नष्ट होतात. ही प्रक्रिया वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता चालू राहू शकते, मात्र लक्षणे दिसू लागल्यावर ऱ्हास झपाट्याने होतो. हे प्रथिन शरीराचेच असल्याने त्याविरुद्ध ताप, सूज किंवा प्रतिपिंडे असा नेहमीचा प्रतिकार दिसून येत नाही.

इतिहास

स्क्रेपी हा रोग युरोपातील मेंढपाळांना अठराव्या शतकापासून परिचित होता. माणसांमधील रोगाचे वर्णन जर्मन वैद्यक हान्स गेर्हार्ड क्रॉइट्झफेल्ट यांनी १९२० मध्ये आणि आल्फोन्स याकोब यांनी १९२१ मध्ये केले.

विसाव्या शतकाच्या मध्यास पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील फोरे जमातीत 'कुरू' नावाच्या रोगाने थैमान घातले. रुग्णाला कंप सुटे, तोल जाई आणि साधारण वर्षभरात मृत्यू येई. बहुतेक बळी स्त्रिया आणि मुले होती. मृत आप्तांचे देह भक्षण करण्याच्या अंत्यविधीतून हा रोग पसरत असल्याचे पुढे निष्पन्न झाले. फोरे लोक मात्र तो चेटकाचा परिणाम मानत आणि संशयित चेटक्यांवर सूड उगवला जाई. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही प्रथा थांबली आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये कुरू आढळला नाही. आधी संसर्ग झालेल्या काही व्यक्तींमध्ये मात्र तो चाळीस-पन्नास वर्षांनीही प्रकटला. कुरू चिंपांझींमध्ये संक्रमित करून दाखविणाऱ्या कार्लटन गाय्डुसेक यांना १९७६ मध्ये, तर प्रायॉनच्या शोधाबद्दल प्रुसिनर यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. केवळ प्रथिनाने रोग पसरू शकतो ही कल्पना ब्रिटिश गणितज्ञ जे. एस. ग्रिफिथ यांनी १९६७ मध्येच मांडली होती. प्रुसिनर यांच्या प्रतिपादनालाही प्रारंभी तीव्र विरोध झाला होता.

प्रकार

माणसांमधील प्रायॉन रोगांचे उगमानुसार तीन गट पडतात.

१. तुरळक (आपोआप उद्भवणारा) : सुमारे ८५ टक्के रुग्ण या गटात मोडतात. रोगाला बाह्य कारण सापडत नाही. बहुतांश रुग्ण साठीच्या आसपासचे असतात.

२. आनुवंशिक : सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांमध्ये पीआरएनपी जनुकातील उत्परिवर्तन कारणीभूत असते. असे उत्परिवर्तन असलेल्या पालकाकडून ते अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते.

३. संपादित : एक टक्क्याहूनही कमी रुग्णांना रोग बाहेरून मिळतो. दूषित शस्त्रक्रिया-साधने, मृतदेहांतून काढलेले वाढीचे संप्रेरक, मेंदूच्या आवरणाचे वा डोळ्याच्या पारपटलाचे रोपण आणि रोगग्रस्त गुरांचे मांस ही त्याची ज्ञात कारणे आहेत. मृतदेहांतून मिळवलेल्या संप्रेरकाचा वापर १९८५ मध्ये बंद करण्यात आला. त्याची जागा कृत्रिमरीत्या तयार केलेल्या संप्रेरकाने घेतली.

लक्षणे

प्रारंभी विसराळूपणा, चिडचिड, औदासीन्य, झोपेतील बिघाड किंवा नजरेतील दोष जाणवतात. काही आठवड्यांत चालताना तोल जाणे, बोलण्यात अडखळणे आणि स्नायूंना अचानक झटके येणे ही लक्षणे दिसू लागतात. मोठ्या आवाजाने रुग्ण दचकतो आणि झटके वाढतात. अखेरीस रुग्ण निःशब्द व निश्चल होतो. तुरळक सीजेडीचे बहुतेक रुग्ण लक्षणे सुरू झाल्यापासून वर्षभराच्या आत, पुष्कळदा चार ते सहा महिन्यांत मृत्यू पावतात. इतर स्मृतिभ्रंशांपासून या रोगाचे वेगळेपण त्याच्या वेगात आहे. अल्झायमरमध्ये जो ऱ्हास वर्षांत मोजला जातो, तो येथे आठवड्यांत मोजावा लागतो.

निदान

मेंदूचा एमआरआय, विद्युत मस्तिष्कालेख (ईईजी) आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाची तपासणी यांवर निदान आधारलेले असते. या द्रवातील विकृत प्रथिनाचे अस्तित्व दाखविणारी आरटी-क्विक ही चाचणी अत्यंत विश्वासार्ह मानली जाते. अंतिम निश्चिती मात्र मेंदूच्या ऊतींच्या परीक्षणानेच होते आणि ते सहसा मृत्यूनंतरच शक्य असते.

सीजेडीसारखी लक्षणे दाखविणारे काही विकार पूर्णपणे वा अंशतः बरे होऊ शकतात. स्वप्रतिकारजन्य मेंदुदाह, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, अवटू ग्रंथीचे विकार, क्षयजन्य मस्तिष्कावरणदाह, मेंदूभोवती साकळलेले रक्त आणि काही औषधांचे दुष्परिणाम हे त्यांपैकी होत. झपाट्याने स्मृतिभ्रंश होणाऱ्या रुग्णात हे सर्व विकार तपासून वगळल्याशिवाय सीजेडीचे निदान केले जात नाही. घाईने लावलेले असाध्य रोगाचे निदान उपचारक्षम रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

महाराष्ट्र आणि भारत

पश्चिम भारतातील सीजेडीचा अभ्यास प्रामुख्याने मुंबईत झाला. मेंदुविकारतज्ज्ञ भीम सिंघल आणि चेताविकृतिशास्त्रज्ञ दाराब दस्तूर यांनी पश्चिम भारतातील सीजेडीवरील निबंध १९८३ मध्ये 'न्यूरोएपिडेमिऑलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने देशातील रुग्णांची नोंदवही ठेवली असून पी. सतीशचंद्र व एस. के. शंकर यांनी १९७१ ते १९९० या काळातील भारतीय रुग्णांचा आढावा १९९१ मध्ये प्रकाशित केला.

जगभरात सीजेडीचे प्रमाण दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक ते दोन रुग्ण असे आढळते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती. हेच प्रमाण लावल्यास राज्यात दरवर्षी साधारण ११० ते २२५ रुग्ण अपेक्षित ठरतात. भारतात प्रत्यक्ष नोंदली जाणारी संख्या अशा अपेक्षेहून पुष्कळच कमी असते. भारतातील लोकसंख्येचे सरासरी वय कमी असणे हे त्याचे एक कारण आहे. त्याखेरीज मेंदुविकारतज्ज्ञ आणि विशेष चाचण्या मोठ्या शहरांत एकवटलेल्या आहेत, तर शवविच्छेदनास कुटुंबीय बहुधा संमती देत नाहीत. वयस्कर व्यक्तीच्या वागण्यातील बदल 'म्हातारचळ' म्हणून सोडून दिला जातो, किंवा मृत्यूचे कारण पक्षाघात असे नोंदले जाते. त्यामुळे कमी नोंद म्हणजे कमी रोग, असा निष्कर्ष काढता येत नाही.

प्राण्यांच्या बाबतीत, हिमालयाच्या पायथ्याच्या दुर्गम भागातील मेंढ्यांमध्ये स्क्रेपी आढळल्याचा अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गुरांमधील 'मॅड काऊ' रोग मात्र भारतात नोंदला गेलेला नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताचा समावेश या रोगाचा नगण्य धोका असलेल्या देशांत केला.

'मॅड काऊ' संकट

नोव्हेंबर १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गुरांच्या एका नव्या मेंदुविकाराची ओळख पटली. मृत जनावरांचे मांस व हाडे भरडून केलेला प्रथिनयुक्त भुकटीचा खुराक दुभत्या गुरांना दिला जात असे आणि त्यातूनच रोग पसरला होता. १९८८ मध्ये अशा खुराकावर बंदी आली, तरी तोवर संसर्ग दूरवर पोहोचला होता. ब्रिटनमध्ये एक लाख ऐंशी हजारांहून अधिक गुरांमध्ये रोगाची निश्चिती झाली आणि खबरदारी म्हणून लक्षावधी गुरे मारण्यात आली.

गोमांस सुरक्षित असल्याची ग्वाही ब्रिटिश शासन अनेक वर्षे देत होते. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत या रोगाचा माणसांमधील नव्या प्रकारच्या सीजेडीशी संबंध असणे संभवनीय असल्याचे मान्य केले. या नव्या प्रकाराने ('व्हेरियंट सीजेडी') मृत्यू पावलेले बहुतेक जण तरुण होते. ब्रिटनमध्ये एकूण १७८ जणांचा आणि जगभरात सुमारे २३० जणांचा त्यामुळे मृत्यू झाला. प्रत्यक्ष मृत्यूंपेक्षा आधी दिलेल्या खोट्या आश्वासनामुळे उडालेला विश्वास हा या संकटाचा अधिक दीर्घ परिणाम ठरला.

हे संकट भारतात का उद्भवले नाही याचे एक उत्तर गोठ्यात सापडते. महाराष्ट्रातील गुरांचा पारंपरिक आहार म्हणजे ज्वारीचा कडबा, हिरवा चारा, भुसा आणि सरकीची वा भुईमुगाची पेंड. पुणे-लोणावळा लोहमार्गावरील बेगडेवाडी, कान्हे, कामशेत ही स्थानके ज्या भातशेतीच्या मावळ पट्ट्यालगत आहेत, तेथे भाताचा पेंढा हे गुरांचे वैरण असते. एका जनावराचे अवशेष दुसऱ्याला खाऊ घालण्याची साखळी अशा पशुपालनात निर्माण होत नाही.

सप्टेंबर २००५ मध्ये ॲलन व नॅन्सी कोल्चेस्टर यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक वादग्रस्त गृहीतक मांडले. ब्रिटनने १९६० आणि १९७० च्या दशकांत भारतीय उपखंडातून मोठ्या प्रमाणावर हाडे आयात केली होती. नदीत सोडलेल्या मानवी मृतदेहांची हाडे त्यांत मिसळली असावीत आणि सीजेडीग्रस्त मृतदेहामुळे गुरांचा खुराक दूषित झाला असावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच अंकात शंकर व सतीशचंद्र यांनी या गृहीतकातील त्रुटी दाखवून अधिक पुराव्याची मागणी केली. प्रत्यक्ष पुराव्याअभावी हे गृहीतक सिद्ध झालेले नाही.

ब्रिटनमध्ये राहिलेल्या मराठी कुटुंबांनाही या संकटाची झळ लागली. १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये ठरावीक अवधी घालविलेल्या व्यक्तींना अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांनी रक्तदानास अपात्र ठरविले होते. त्यामुळे तेथून पुढे या देशांत स्थायिक झालेल्या भारतीयांना शाकाहारी असूनही रक्त देता येत नसे. अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांनी हे निर्बंध २०२२ मध्ये उठविले.

भीती आणि गैरसमज

प्रायॉन रोगांच्या भीतीमागे वास्तव कारणे आहेत. सुप्तावस्थेचा काळ दीर्घ असतो, मृत्यू अटळ असतो आणि नेहमीच्या निर्जंतुकीकरणाने प्रायॉन नष्ट होत नाहीत. उकळणे, अल्कोहोल वा फॉर्मलिन यांचा त्यांवर पुरेसा परिणाम होत नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेची साधने तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड वा सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात ठेवावी लागतात आणि उच्च तापमानाच्या वाफेने शुद्ध करावी लागतात, किंवा नष्ट करावी लागतात.

तथापि ही भीती अनेकदा वस्तुस्थितीच्या पलीकडे जाते. काही प्रचलित समज आणि त्यांबाबतची माहिती पुढीलप्रमाणे आहे.

रुग्णाच्या सहवासाने रोग होतो : स्पर्श, श्वास, एकत्र भोजन, एकच भांडी वा अंथरूण-पांघरूण यांतून रोग पसरत नाही. रुग्णाला वेगळ्या खोलीत कोंडण्याची वा अलग ठेवण्याची आवश्यकता नसते. मेंदू, पाठीचा कणा व डोळा यांच्या ऊती हाताळताना मात्र विशेष काळजी घ्यावी लागते.

अंत्यसंस्कार धोकादायक असतात : मृतदेहाचे विच्छेदन झाले नसल्यास नेहमीची दक्षता पुरेशी असते. दहन व दफन दोन्ही करता येतात.

बकऱ्याचा भेजा खाल्ल्याने सीजेडी होतो : स्क्रेपी माणसांना झाल्याचा पुरावा नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश स्क्रेपीमुक्त मानले जातात, तरीही तेथील सीजेडीचे प्रमाण इतर देशांइतकेच आहे.

हरणांचा रोग माणसांत पसरला आहे : उत्तर अमेरिकेतील हरणांच्या या रोगाला वृत्तमाध्यमांनी 'झोंबी हरीण रोग' असे नाव दिले. माणसाला त्याची लागण झाल्याचे सिद्ध झालेले नाही.

कोविडच्या लसींमुळे प्रायॉन रोग होतो : २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर पसरलेल्या या दाव्याला वैज्ञानिक आधार नाही.

कुटुंबात एकाला झाला म्हणजे सर्वांना होणार : बहुसंख्य रुग्णांमध्ये रोग तुरळक स्वरूपाचा असतो आणि नातेवाइकांचा धोका त्यामुळे वाढत नाही. आनुवंशिक प्रकाराची शंका असल्यास समुपदेशनानंतर जनुकीय चाचणी करता येते. चाचणी करून घ्यायची की नाही, हा त्या व्यक्तीचा स्वतःचा निर्णय मानला जातो.

उपचार आणि संशोधन

रोग थांबविणारे औषध उपलब्ध नसल्याने रुग्णसेवेचा भर दुःखनिवारणावर असतो. स्नायूंचे झटके कमी करणारी औषधे, शांत परिसर, अन्न श्वासनलिकेत जाऊ नये याची दक्षता, अंगावर जखमा होऊ नयेत म्हणून कूस पालटणे आणि कुटुंबीयांना मानसिक आधार यांचा त्यात समावेश होतो. रोगाचा वेग पाहता उपचारांच्या मर्यादेविषयी कुटुंबाशी लवकर व स्पष्ट बोलणे आवश्यक ठरते. अन्यथा उपलब्ध थोडा काळ आणि पैसा निष्फळ धावपळीत खर्च होतो.

संशोधनाचा सध्याचा मुख्य रोख निरोगी प्रथिनाचे उत्पादनच कमी करण्यावर आहे, कारण हे प्रथिन नसलेल्या उंदरांना प्रायॉन रोग होत नाही. भारतीय वंशाच्या अमेरिकी संशोधक सोनिया वल्लभ यांच्या आईचा २०१० मध्ये आनुवंशिक प्रायॉन रोगाने मृत्यू झाला आणि तपासणीत तेच उत्परिवर्तन त्यांच्यातही आढळले. आपापली क्षेत्रे सोडून त्या आणि त्यांचे पती एरिक मिनिकेल या रोगाच्या संशोधनाकडे वळले. केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये ते याच दिशेने कार्य करीत आहेत. प्रथिनाचे उत्पादन घटविणाऱ्या एका औषधाच्या मानवी चाचण्याही सुरू झाल्या आहेत.