दुसरी वाट

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने पुढे कोणते विषय घ्यावेत, हा प्रश्न दरवर्षी घरोघरी उठतो. तो घरचा वाटला, तरी त्यावर सुमारे एकशे चाळीस वर्षे आयोगामागून आयोगांनी डोके शिणविले आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे तीत उत्तीर्ण झाले होते. पुढे ‘मॅट्रिक’ म्हणून सर्वतोमुखी झालेली ही परीक्षा वास्तविक महाविद्यालयाचे दार उघडण्यापुरती होती. परंतु नोकरीलाही तिचाच दाखला उपयोगी पडू लागला आणि हायस्कुलांचा सारा अभ्यासक्रम तिच्याभोवती फिरू लागला. कॉलेजात जाणारे थोडे, पण तयारी मात्र सर्वांची कॉलेजसाठी, असा विपरीत प्रकार घडला.

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने हा दोष ओळखला. वरच्या इयत्तांत दोन शाखा असाव्यात, एक विद्यापीठाकडे नेणारी आणि दुसरी व्यापारउदीम व इतर व्यवहारोपयोगी कामांसाठी, अशी शिफारस त्याने केली. दुसरी वाट आखली गेली. तिच्यावर पावले मात्र फारशी पडली नाहीत. त्या वाटेच्या शेवटी मॅट्रिकच्या तोलाचा मान नव्हता. पालकांचा हिशेब व्यवहाराला धरूनच होता.

स्वातंत्र्यानंतर हाच विचार अधिक उदार रूपाने पुढे आला. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या आयोगाने १९५३ साली अहवाल दिला. भाषा, सामाजिक शास्त्रे, सामान्य विज्ञान आणि एक हस्तव्यवसाय सर्वांनी शिकावा. शिवाय मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहविज्ञान या सात गटांतून प्रत्येकाने आपापल्या कलाप्रमाणे एक निवडावा, अशी ती योजना होती. त्यासाठी बहुउद्देशीय शाळा निघाल्या. पण कार्यशाळेला अवजारे हवीत, शेतीच्या गटाला जमीन हवी आणि हे सर्व शिकविणारा जाणता शिक्षक हवा. असे शिक्षक तयार करणारी प्रादेशिक महाविद्यालये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे निघाली, ती साठीच्या दशकात. तोवर फार उशीर झाला होता.

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगाने १९६६ साली निराळी दिशा धरली. पहिली दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण, त्यात गणित व विज्ञान सर्वांनाच, निवड त्यानंतर. महाराष्ट्रात या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. कोवळ्या वयातील निवड त्यामुळे पुढे गेली, हा लाभ मोठाच. परंतु दुसरी वाट ओसच राहिली. उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी १० टक्के १९९० पर्यंत व २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसायशिक्षणाकडे वळावेत, असे १९८६ च्या धोरणाने ठरविले. १९९२ साली त्याच टक्क्यांपुढे १९९५ व २००० ही साले घालावी लागली.

२०२० च्या धोरणाने शाखांमधील भिंतीच काढून टाकण्याचे योजिले आहे. विज्ञानाबरोबर संगीत, इतिहासाबरोबर सुतारकाम शिकता यावे, हा हेतू स्तुत्य होय. परंतु सुतारकाम शिकलेल्या मुलाला पुढच्या दारात बरोबरीने उभे राहता येईल काय, याचे उत्तर मिळेपर्यंत पालक १८८२ सालचाच हिशेब करीत राहतील.