रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांनी आखलेला संडास

1984 साली मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांसोबत ‘स्पार्क’ या स्वयंसेवी संस्थेने काम सुरू केले. पुढच्या वर्षी संस्थेने फुटपाथवासीयांची शिरगणती केली आणि सुमारे 6,000 कुटुंबे पहिल्यांदा कागदावर आली. त्या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. जोकिन अर्पुथम यांनी 1974 मध्ये सुरू केलेला झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ सोबत होताच. घर आणि रेशनकार्डाच्या बरोबरीने बायकांची एक मागणी सतत पुढे येत राहिली: संडास.

घरोघरी संडास सर्वांनाच हवा होता. पण दहा बाय बाराची खोली, आसपास ड्रेनेज लाईन नाही आणि जागा सरकारची. सेप्टिक टँक खोदायचा तर कुठे? म्हणून पर्याय उरला सामुदायिक संडासाचा. महापालिकेचे संडास वस्त्यांत होतेच. पण तिथे पाणी नाही, दिवा नाही, दारे मोडलेली, आणि सफाई कोणी करायची याचा पत्ता नाही.

नवा आराखडा वस्तीतल्या बायकांशी बोलून ठरला. बाया-पुरुषांच्या रांगा वेगळ्या केल्या, कारण एकाच रांगेत पुरुष पुढे घुसत. मुलांना मोठी माणसे रांगेतून मागे ढकलत, म्हणून पोरे गटारावर बसत. त्यांच्यासाठी लहान भोकाचे, धरायला दांडा असलेले वेगळे संडास केले. पाण्याची मोठी टाकी आणि केअरटेकरच्या कुटुंबाला तिथेच खोली हवी, हेही ठरले. पैशाचा हिशेबही बायकांना पटेल असाच होता. दर खेपेला रुपया घेतला, तर पाच माणसांच्या घराला रोजच्या एका खेपेचेच महिन्याला 150 रुपये होतात. त्याऐवजी कुटुंबाचा मासिक पास 20-25 रुपयांत ठेवला.

या विचाराला मोठे मैदान मिळाले ते पुण्यात. तिथले तेव्हाचे महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी बांधकाम आणि देखभाल ही दोन्ही कामे स्वयंसेवी संस्थांना दिली. बांधकामाचा खर्च महापालिकेचा, देखभाल वस्तीची. 1999 ते 2001 या काळात शहरात चारशेहून अधिक संडास-संकुले झाली. काही ठिकाणी बायकांनीच बांधकामाचे कंत्राट घेतले. नवे संडास दाखवायला ‘संडास मेळे’ भरले. जून 2001 मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात संडासाची प्रतिकृती उभी राहिली आणि सरचिटणीस कोफी अन्नान यांनी ती पाहिली.

तरी सामुदायिक संडास हे अखेरचे उत्तर नव्हे. रात्री-अपरात्री पोरीबाळींना घराबाहेर पडावे लागतेच, आणि देखभालीचा पैसा आटला की संकुलाची रया जाते. जिथे ड्रेनेज लाईन पोचली, तिथे पुण्याच्याच ‘शेल्टर असोसिएट्स’ने घरोघरी संडासाचा मार्ग धरला. वस्तीचा नकाशा काढायचा, लाईन कुठवर आहे ते पाहायचे, साहित्य संस्थेने दारात पोचवायचे आणि मजुरीचा खर्च कुटुंबाने करायचा.

दोन्ही वाटा खऱ्या. आधी मैला कुठे जाणार ते पाहावे, मग जागा, मग दर महिन्याचा खर्च. आणि हे सगळे ठरवताना वस्तीतल्या बायका बैठकीत असाव्यात. कोणत्याही नगरपालिकेने निविदा काढण्याआधी एवढे केले, तरी बांधलेल्या संडासांना कुलपे लागण्याची वेळ येणार नाही.