अलल डुर्र! सांगलीचा राक्षस आणि समुद्रातला मेगॅलोडॉन

२०१८च्या ऑगस्टमध्ये ‘द मेग’ नावाचा सिनेमा आला. नायक जेसन स्टॅथम, दिग्दर्शक जॉन टर्टलटॉब, पैसा हॉलिवूडचा आणि चीनचा. गोष्ट दोन ओळींची आहे. लाखो वर्षांपूर्वी नष्ट झालेला मेगॅलोडॉन हा राक्षसी शार्क पॅसिफिक महासागराच्या तळाशी अजून जिवंत असतो, माणसं खाली जातात, तो वर येतो. जगभरात या सिनेमाने ५० कोटी डॉलरहून जास्त गल्ला केला. २०२३मध्ये दुसरा भाग आला. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण आमच्या पोरांनी हिंदीत डब केलेला हा सिनेमा मोबाईलवर तीन तीनदा पाहिला आहे. वर्गात मग प्रश्न येतो, ‘सर, मेग अजून आहे ना समुद्रात?’

प्रश्न विचारणारी मुलं सातारा-सांगलीकडची. यांच्यातल्या अर्ध्यांनी समुद्र पाहिलेला नाही, उरलेल्यांनी सहलीत गणपतीपुळ्याला पाहिला तेवढाच. तरी प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रचंड जनावर समोर आणून लोकांना भेवडवायचं आणि त्यांनी तिकीट काढून भ्यायला यायचं, हा धंदा आपल्याच मुलखात जुना आहे. त्या जुन्या भीतीत आणि या नव्या भीतीत एक फरक पडला आहे, तो नीट पाहायला हवा.

१८४२च्या सुमारास कर्नाटकातली एक भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. संस्थानाधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी ते पाहिलं आणि आपल्या आश्रयातल्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी मराठीत उभं करा. ५ नोव्हेंबर १८४३ला ‘सीता स्वयंवर’ झालं. आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तो याच तारखेला. भाषणं, हार, नटराजपूजन सगळं होतं. त्या नाटकांत लोकांना सगळ्यात जास्त काय आवडायचं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. लोकांना आवडायचा राक्षस.

भाव्यांच्या नाटकात सूत्रधार गाऊन कथा पुढे न्यायचा. गणपती यायचा, सरस्वती यायची, विदूषक चेष्टा करायचा. पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी करायची. आणि मग राक्षस. तोंड रंगवलेलं, हातात तलवार, ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत तो उड्या मारत यायचा. मशालीवर राळ टाकली की भपकन जाळ उठायचा आणि पुढे बसलेली पोरं आयांच्या पदरात शिरायची. ही आरोळी इतकी गाजली की पुढे सुशिक्षित मंडळी या नाटकांना हिणवून ‘अललडुर्र नाटकं’ म्हणू लागली. मला यात हिणवण्यासारखं काही दिसत नाही. स्टॅथमच्या सिनेमात पाण्याखालून जबडा येतो तेव्हा संगीताचा जो दणका बसतो, ती अलल डुर्रच आहे. राळेची जागा संगणकाने घेतली आहे इतकंच.

भावे कळसूत्री बाहुल्याही करायचे. लाकडी, सांधे हलणाऱ्या. त्यांच्या काही बाहुल्या पुढे शब्दभ्रमकार रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. म्हणजे यंत्राने जीव हलवून दाखवण्याची हौस सांगलीत तेव्हाच होती. उर्दू शिकवणारा म्हणून आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. अप्पासाहेबांच्या निधनानंतर भावे मंडळी घेऊन मुंबईला गेले, तेव्हा १८५४मध्ये त्यांनी ‘राजा गोपीचंद’ हा खेळ हिंदुस्थानीत केला. सांगलीच्या माणसाने मुंबईच्या सरमिसळ प्रेक्षकांसाठी भाषा बदलली. डबिंगचा हा आमचा आजोबा.

रंगमंचावरचा राक्षस पडद्यावर गेला तो दादासाहेब फाळक्यांच्या हातून. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये यमुनेच्या डोहातला नाग आहे आणि पाण्याखालची झुंज आहे. कृष्ण झाली होती फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. या सिनेमाच्या सुरुवातीला फाळके आधी तिचा साधा चेहरा दाखवतात. ती हसते, रुसते, चिडते, आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. हे पोर आहे, आता हे कृष्णाचं सोंग घेणार आहे, असं प्रेक्षकाला आधी सांगून टाकलं. तरी लोक रंगून गेले.

पुढच्या वर्षी, १९२०मध्ये, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ आला. तो सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावरचा. या नाटकातल्या कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला म्हणून सरकारने १९१०मध्ये त्यावर बंदी घातली होती. पेंटरांनी भीमाच्या हातून कीचकाचा वध इतका हुबेहूब दाखवला की थिएटरात बायका बेशुद्ध पडल्या आणि ते दृश्य कापावं लागलं, अशी नोंद चित्रपटाच्या इतिहासात आहे. लोक घाबरले, पण बाहेर येऊन कुणी ‘कीचक आता कुठे राहतो?’ असं विचारलं नाही.

फरक इथे आहे. भाव्यांचा राक्षस पुराणातला होता, आणि आतला माणूस कोण हे गावाला माहीत असायचं. पुसेगाव, म्हसवडच्या जत्रेतल्या तंबूत पडद्यावर नाग-राक्षस पाहणाऱ्या माणसालाही, पलीकडे प्रोजेक्टर घरघरतोय हे ऐकू येत असे. मेग येतो तो शास्त्राचा पांढरा कोट घालून. पाणबुडी, प्रयोगशाळा, तक्ते, ‘मारियाना ट्रेंचच्या तळाशी थंड पाण्याचा थर, त्याखाली गरम पाणी, म्हणून प्राणी टिकला’ असं स्पष्टीकरण. मूल फसतं ते जबड्याला नाही, या तक्त्याला. आणि सिनेमा तरी निदान सिनेमा म्हणून येतो. २०१३मध्ये डिस्कव्हरी वाहिनीने मेगॅलोडॉन जिवंत असल्याचा माहितीपट दाखवला, त्यात शास्त्रज्ञ म्हणून बोलणारी माणसं नट होती. खुलासा शेवटी, काही क्षण. त्याचे तुकडे अजून फिरतात, आणि त्यांच्यावर ‘सैरंध्री’सारखी कात्री चालत नाही.

तर मुलाला उत्तर काय द्यायचं? ‘नाही’ म्हटलं की तो म्हणतो, तुम्हाला कसं माहीत. म्हणून दातापासून सुरुवात करावी. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागासारख्या मऊ हाडाचा. तो कुजून जातो, दात उरतात. शार्कचे दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात, एकाच शार्कचे हजारो. मेगॅलोडॉनचे दात तळहाताएवढे. जगभरच्या किनारी खडकांत ते सापडतात, आपल्याकडे ओडिशात बारिपाड्याजवळही सापडले आहेत. सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीपासून ३६ लाख वर्षांपूर्वीपर्यंत ते मिळतात, आणि मग थांबतात. एवढा मोठा प्राणी आज असता तर त्याचे ताजे पांढरे दात समुद्रतळावर मिळाले असते. चॅलेंजर जहाजाने १८७०च्या दशकात पॅसिफिकच्या तळातून असे काही दात काढले होते. १९५९मध्ये एकाने त्यांच्यावरच्या मँगनीजच्या थरावरून त्यांचं वय अवघं ११ हजार वर्षं काढलं. ती पद्धत टिकली नाही, पण अफवा टिकली. शिवाय हा प्राणी उबदार, उथळ पाण्यातला. देवमासे खाऊन जगणारा प्राणी ट्रेंचच्या तळाशी खाणार काय?

त्याची लांबी मात्र अजून वादाची आहे. १५ मीटरपासून २४ मीटरपर्यंत अंदाज आहेत. म्हणजे आकाराच्या बाबतीत सिनेमाने फार मोठी थाप मारली असं म्हणता येत नाही. थाप आहे ती काळाची.

हे दात शार्कचे आहेत हे कळायलाही वेळ लागला. युरोपात त्यांना सापांच्या, नागांच्या दगड झालेल्या जिभा समजत आणि विषावर उतारा म्हणून जवळ बाळगत. १६६६मध्ये इटलीत पकडलेल्या एका मोठ्या शार्कचं डोकं निकोलस स्टेनोने चिरलं, दात जुळवून पाहिले आणि पुढच्या वर्षी लिहून टाकलं. समुद्राच्या खुणा डोंगरात कशा, हा विचार त्याच्याही आधी झाला होता. अल् बिरूनीने १०३०च्या सुमारास ‘किताबुल हिंद’मध्ये लिहिलं की हिंदुस्थानच्या मैदानात डोंगराजवळ दगड मोठे, पुढे लहान आणि शेवटी वाळू सापडते, त्या अर्थी ही जमीन कधी काळी समुद्र होती आणि नद्यांच्या गाळाने भरत आली. नुसते गोटे पाहून काढलेलं हे अनुमान. सहावीच्या मुलालाही कृष्णेच्या काठावर उभं करून ते समजावता येतं.

मग मुलं विचारतात, आपल्या डोंगरात सापडेल का दात? अजिंक्यताऱ्याचा काळा दगड लाव्हाचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मेगॅलोडॉन जन्मायच्या चार कोटी वर्षं आधी तो थंड होऊन बसला होता. त्यात शार्क शोधू नये. कच्छमध्ये पाहावं. तिथल्या कोळशाच्या खाणीतून मिळालेल्या मणक्यांवरून ११ ते १५ मीटर लांबीचा साप ओळखला गेला आणि २०२४मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं वासुकी. कालियाचा भाऊबंदच म्हणायचा, फक्त हा खरा.

आता खऱ्या शार्कचं. कोकणात त्याला मुशी म्हणतात, मोरी म्हणतात, कालवण करून खातात. अरबीत शार्क म्हणजे ‘किर्श’. कुरैश या टोळीच्या नावाची एक व्युत्पत्ती जुन्या कोशकारांनी याच शब्दावरून दिली आहे, दुसऱ्याही आहेत. म्हणजे मासा दरारा राखून होताच. पण १९७५च्या ‘जॉज’ने त्याला खुनी करून टाकलं. गंमत अशी की त्या सिनेमातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पीलबर्गने तो कमी दाखवला आणि न दिसणाऱ्या माशाची भीती जास्त बसली. मूळ कादंबरीचा लेखक पीटर बेंचली पुढे शार्क वाचवा म्हणून जगभर सांगत फिरला. उशीर झाला होता. १९७०पासून खुल्या समुद्रातले शार्क आणि रे मासे सुमारे ७१ टक्क्यांनी घटल्याचं २०२१च्या एका अभ्यासात दिसलं. त्याचं मुख्य कारण बेसुमार मासेमारी आहे, सिनेमा नाही. पण ज्याला आपण खुनी ठरवलं त्याच्यासाठी कोण रडणार?

समुद्र लांब आहे म्हणून हे आपल्याला लागू नाही असं वाटत असेल, तर भिलवडीला, औदुंबरला, कसबे डिग्रजला जाऊन यावं. सांगलीच्या कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांनी माणसं मारली आहेत. ही भीती पडद्यावरची नाही. जनावरं धुणारा, मोटारीचा पाईप बघायला उतरणारा, पोहणारं पोर, यांच्यावर हल्ले झाले आहेत. ज्या घरातलं माणूस गेलं त्यांना निसर्गप्रेमाचं व्याख्यान देऊ नये. पण महापुरात वस्तीजवळ मगर आली की मोबाईलवर तिचा जो व्हिडिओ फिरतो त्याला मागे संगीत लावलेलं असतं, ते सिनेमातलंच.

उर्दूत ‘मगर’ म्हणजे ‘पण’ असाही अर्थ आहे. तर मगर आहे, मगर ती ट्रेंचमधून सूड घ्यायला आलेली नाही. ती काठाच्या मऊ मातीत, वाळूत बीळ खणून अंडी घालते, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. नंतर दोन महिने ती जागा राखते. उन्हाळ्यात पाणी उतरतं, डोह आखडतात, आणि नेमकी त्याच दिवसांत माणसंही पाण्यात जास्त उतरतात. वर वाळूच्या उपशाने काठ खचलेले. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तिला वाघाइतकंच संरक्षण आहे, पण अंडी घालायला जागा कायदा देत नाही.

म्हणून वर्गात मेगचा प्रश्न आला की दाताचा धडा झाल्यावर मी मुलांना नदीचा विचारतो. कुणाच्या गावच्या डोहात मगर दिसते, काठावर ऊन खात कुठे पडते, कुठल्या महिन्यात. यादी फळ्यावर भरभर होते. काठावरच्या गावांतल्या मुलांना हे जवळजवळ सगळं ठाऊक असतं, कुणी विचारलेलं नसतं इतकंच. जूनच्या आसपास पिल्लं फुटली की मादी त्यांना तोंडात धरून पाण्यात नेऊन सोडते हेही एखादा सांगतो, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, ‘सर, गिळत नाही?’