फटफटीचा घसा

दिवाळीच्या आधी आठ दिवस आपल्याकडे घरोघर झाडझूड चालते. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, चिंचेने घासून पितळ लखलखीत होते. या दिवसांत मला एका निराळ्याच पितळेची आठवण होते. आकाराने ते वाटाण्याएवढे. मधोमध सुईच्या टोकाएवढे छिद्र. ते छिद्र बुजले की दीड-पावणेदोन क्विंटलची फटफटी रस्त्याच्या कडेला मुकाट उभी राहते. या पितळी तुकड्याला जेट म्हणतात, आणि तो ज्याच्या पोटात बसतो तो कार्बोरेटर.

वाचक म्हणतील, शाळामास्तराने कादंबऱ्या सोडून या तेलकट विषयात हात का घालावा? कारण एवढेच की, राजांचा इतिहास लिहायला पुष्कळ माणसे आहेत. मिस्त्र्यांचा लिहायला फारसे कोणी नाही. शिवाय कार्बोरेटरचा इतिहास म्हणजे पोथीतली विद्या आणि हातातली विद्या यांच्या सोयरिकीचा इतिहास आहे, असे माझे मत झाले आहे.

पोथीची बाजू जुनी आहे. १७३८ साली डॅनियल बर्नूली या पंडिताने वाहत्या पाण्याचा वेग आणि दाब यांचे नाते सांगणारा ग्रंथ छापला. पुढे १७९७ मध्ये इटलीच्या व्हेंचुरीने, नळी मध्येच आवळली तर काय होते ते लिहून ठेवले. नदी दोन खडकांच्या चिमटीत सापडली की धावू लागते, तसा नळीच्या अरुंद भागात प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. डासांवर औषध मारायचा जुना हातपंप ज्यांनी पाहिला असेल त्यांना अधिक सांगायला नको. दांडा रेटला की हवा एका बारीक नळीच्या तोंडावरून सुसाटते आणि खालचे औषध आपोआप वर चढून तुषार होऊन उडते. कार्बोरेटरही हेच करतो. इंजिन हवा ओढते, ती हवा एका अरुंद घशातून जाते आणि जेटमधून पेट्रोल वर खेचून घेते. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जाळायला सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण सांभाळणे हा त्याचा सारा धर्म.

पण पोथीतले हे ज्ञान शंभर वर्षे पोथीतच राहिले. १८८५ साली जर्मनीत डाइम्लर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्याची पहिली पेट्रोलवरची दुचाकी केली, तेव्हाही पेट्रोलवरून हवा नेऊन तिला वाफ लागू द्यायची, एवढीच युक्ती होती. १८९३ मध्ये मात्र दोन ठिकाणी एकाच वेळी दिवा पेटला. मायबाखने फवारा मारणारा कार्बोरेटर केला. आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बुडापेस्ट शहरात दोनात बांकी व यानोश चोंका या जोडीने आपल्या कार्बोरेटरचे पेटंट मागितले. फुलांवर पाण्याचे तुषार उडवणारी एक फुलवाली पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी दंतकथा आहे. खरीखोटी देव जाणे. मला त्या कथेपेक्षा ती जोडी महत्त्वाची वाटते. बांकी शिकलेला इंजिनियर. चोंका लोहाराचा मुलगा, पदवी नसलेला, तंत्र-विद्यापीठाच्या कार्यशाळेचा प्रमुख. एकाच्या हाती खडू, दुसऱ्याच्या हाती कानस. माझ्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या माणसाला या चोंकाविषयी थोडी अधिक आपुलकी वाटली, तर वाचकांनी ती क्षम्य मानावी.

पुढची गोष्ट इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची. तीन कार्बोरेटरवाल्यांनी १९२७ मध्ये एकत्र येऊन ‘अमाल’ नावाची कंपनी काढली आणि इंग्लिश फटफट्यांपैकी बहुतेकींच्या घशाला तिचेच यंत्र लागले. अमालच्या जेटवर जो आकडा असतो, तो एका मिनिटात त्यातून किती घनसेंटिमीटर पेट्रोल वाहते त्याचा असतो. १९५५ मध्ये या कंपनीने पेट्रोलची वाटी आणि हवेचा घसा एकाच ओतीवात आणून ‘मोनोब्लॉक’ हा नमुना काढला. योगायोग असा की, त्याच वर्षी मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली आणि बुलेट आपल्याकडे तयार होऊ लागली. इंग्लंडातले उत्पादन पुढे थंडावले, इकडचे चालू राहिले. १९६१ पासून म्हैसूरला जावा निघू लागली. तिला चेकोस्लोव्हाकियाच्या ‘यिकोव्ह’ घराण्याचा कार्बोरेटर. अशा रीतीने बर्मिंगहॅम आणि बोहेमिया ही दोन्ही आपल्या तालुक्याच्या गॅरेजात येऊन एका फळकुटावर बसली.

आमच्या गावच्या एका मिस्त्र्यांच्या त्या फळकुटापाशी मी पुष्कळ रविवार घालवले आहेत. मिस्त्री साठीच्या पुढचे, शाळा चौथीपर्यंत. आधी पेट्रोलचा नळ बंद. मग वरची टोपी फिरवून केबलसकट स्लाइड आणि तिला लोंबणारी सुई बाहेर. मग दोन नट काढून कार्बोरेटर हातात. एकेक भाग ते थाळीत ज्या क्रमाने काढतात त्याच क्रमाने मांडतात. जुना पितळी फ्लोट असेल तर तो कानाशी नेऊन हलवतात. आत खळखळ वाजले तर तो फुटका. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे भोक दाखवतात. मात्र आतले पेट्रोल पुरते उडून गेल्याशिवाय ते डागाची कांडी जवळ आणू देत नाहीत.

उभ्या गाडीतले पेट्रोल उडून गेले की मागे डिंकासारखा चिकटा राहतो. जावासारख्या गाडीत पेट्रोलबरोबर ऑईल असते, ते तळाशी बसते. आता, २०२५ पासून, आपल्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. ते दमट हवेतले पाणी ओढते, म्हणून दोन-तीन महिने गाडी उभी ठेवायची असेल तर वाटी रिकामी करून ठेवा, असे मिस्त्री प्रत्येकाला बजावतात. जेट ते भिजत घालतात आणि मग हवा मारतात. एकदा एक मुलगा पोलादी तार घेऊन जेट कोरू लागला. मिस्त्री ओरडले नाहीत. म्हणाले, “बाळा, भोक मोठं करायला एक क्षण लागतो. परत बारीक करून देणारा अजून जन्मायचाय.” मग माझ्याकडे वळून, “काय गुरुजी, लिहून घ्या हे.”

साफसफाई सोपी, खरी परीक्षा डागडुजीची. नट फार आवळले की कार्बोरेटरचा मऊ कान वाकतो आणि फटीतून चोरटी हवा शिरते. मिस्त्री काचेवर पॉलिश पेपर पसरून तो कान हळूहळू सपाट करतात. स्लाइड वर्षानुवर्षे घासून सैल झाली असेल तर काम टर्नरच्या लेथवर जाते. भोक सरळ करून त्यात जाडीची स्लाइड बसवावी लागते. मग जुळणी. मूठ जराशी उघडली की लहान जेटचा अंमल, मध्यावर सुईचा, पूर्ण उघडली की मोठ्या जेटचा. कोणाचा अंमल कुठे बिघडला आहे, हे मिस्त्री नुसत्या आवाजावरून सांगतात. बर्नूलीचे नाव त्यांनी माझ्याकडूनच ऐकले. पण बर्नूलीला त्या आवाजातला फरक कळला असता का, याची मला शंका आहे.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे धुराचे नवे, कडक नियम लागू झाले. बुलेटनेही कार्बोरेटर सोडला. पेट्रोल किती उडवायचे ते आता विजेचा मेंदू ठरवतो. धूर कमी झाला, ही गोष्ट चांगलीच झाली. तिच्याबद्दल गळा काढणे मला शोभणार नाही. दुःख आहे ते वेगळे. मागच्या बाकावरची माझी कितीतरी मुले त्या फळकुटापाशी शहाणी झाली. जे यंत्र उघडून डोळ्यांनी समजून घेता येते, ते मुलाला धीर देते, की जगही असेच उघडून समजून घेता येईल. बंद पेटी हा धीर देत नाही. ती फक्त बदलायची असते.

इंग्लंडात अमालचे कार्बोरेटर अजूनही नवे तयार होतात. तिथल्या जुन्या माहितीपत्रकांनाही वाली आहे. आमच्या मिस्त्र्यांच्या कानाला मात्र माहितीपत्रक नाही. म्हणून मी एक दोनशे पानी वही केली आहे. ते बोलतात, मी लिहितो, मधूनमधून ते अक्षर पाहतात आणि म्हणतात, “जरा मोठं काढा गुरुजी, पोरांना वाचता आलं पाहिजे.”