नाममुद्रा आणि कंठ

दिल्लीच्या दक्षिणेस वसलेल्या फरीदाबादच्या परिसरातील सीही हे गाव परंपरेने सूरदासांचे जन्मस्थान मानले जाते. याच फरीदाबादेत १९७३ साली सोनू निगम यांचा जन्म झाला. या दोघांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. ती दोघांनाही अन्यायकारक होईल. परंतु ‘हे गीत कोणाचे?’ हा आपल्या समीक्षेने बहुधा टाळलेला प्रश्न विचारण्यास हा योगायोग उपयोगी पडावा.

सूरदासांच्या पदात हा प्रश्न उद्‌भवतच नाही. अखेरच्या चरणातील ‘सूर’ ही मुद्रा त्याचे उत्तर देऊन ठेवते. आपल्याकडे ‘तुका म्हणे’ हे शब्द तेच कार्य करतात. तेथे रचणारा आणि गाणारा मूलतः एकच आहे. हे ऐक्य पुढे ध्वनिमुद्रिकेच्या युगात विशेषत्वाने विरत गेले. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा अखेरीस त्यांनी स्वतःचे नाव उच्चारले. कवीची मुद्रा जणू गायिकेच्या कंठात उतरली! पुढे गीतकार, संगीतकार व गायक यांची कामे अधिकाधिक वेगळी होत गेली. मराठीत मात्र हा विभाग नेहमीच विस्मृतीला कारण झाला नाही. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’चे शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि चाली सुधीर फडके यांच्या. श्रोत्यांनी ही दोन्ही नावे एका श्वासात घेतली.

सोनू निगम यांचा प्रवास या प्रश्नाची खरी कसोटी पाहणारा आहे. वडील अगमकुमार निगम यांच्यासोबत ते बालपणीच रंगमंचावर गाऊ लागले. मुंबईत आल्यावर आरंभीच्या काळात ‘रफी की यादें’ या मालिकेत त्यांनी महंमद रफींची गीते गायिली. म्हणजे शब्द व चाल परक्या होत्याच. गायकीचा आदर्शही दुसऱ्याचा होता. १९९९ सालचा ‘दीवाना’ हा चित्रपटबाह्य गीतसंग्रह म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. त्यातील शब्द फैज अन्वर यांचे, संगीत साजिद-वाजिद यांचे; तरीही तो सर्वत्र ‘सोनू निगमचा’ म्हणूनच ओळखला गेला.

श्रोत्यांचे हे म्हणणे चुकीचे म्हणावे काय? अर्धे चुकीचे, अर्धे बरोबर. चित्रपटगीतातील ‘मी’ हा पडद्यावरील पात्राचा असतो. गायक त्याला केवळ कंठ उसना देतो. चित्रपटबाह्य गीतात तो आधार नाहीसा होतो. शब्द कोठे रेंगाळावा, श्वास कोठे ऐकू यावा, आर्जव कोठे थांबावे, हे ठरवणारा गायकच त्या ‘मी’ला व्यक्तित्व देतो. ही रचना नव्हे हे खरे, पण निर्मिती नव्हे असेही म्हणता येत नाही. मराठी श्रोत्यांना ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) मधील ‘हिरवा निसर्ग’ या गीतात याच कंठाचा आपल्या भाषेतील उच्चार ऐकावयास मिळाला. पुढे ‘जल’ या चित्रपटाला बिक्रम घोष यांच्यासह संगीत देऊन निगम यांनी स्वररचनेच्या क्षेत्रातही पाऊल टाकले.

नवलाची गोष्ट ही की, कायद्याने हे सूक्ष्म सत्य समीक्षेच्या आधी ओळखले. १९९४ च्या दुरुस्तीने भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याला मानधनातील वाट्याचा अधिकार मिळाला. गीतकार, संगीतकार आणि गायक हे तिघेही गीताचे हक्कदार आहेत, हे न्यायालयात सांगता येते. वाङ्‌मयेतिहासात मात्र अद्याप सांगता येत नाही. आपण गीत वाचतो ते कागदावर, आणि गायकाला त्यातून वगळतो. बाजार गीत विकतो ते गायकाच्या नावावर, आणि कवीला वगळतो. दोन्ही व्यवहार सारखेच अपुरे आहेत.

सूरदासांची मुद्रा एका नावाची होती, कारण ती निर्मिती एका देहातून आली होती. आजच्या गीताची मुद्रा तीन नावांची आहे. ती तिन्ही नावे वाचण्याची सवय समीक्षेने स्वतःला लावून घेतली पाहिजे.